सातवं बाड

वेशीवर पाटी आहे: वेलस्ट्रॉम, लोकसंख्या ११४२.
त्यातले चाळीसेक तरी टेकडीवर पुरलेत.
पाटी बदलणारा माणूस दहा वर्षांनी एकदा येतो,
मरणाऱ्यांना तेवढा धीर निघत नाही.

मध्ये चौक, चौकात लाल दगडाचं कोर्ट,
वर घड्याळ, चार तोंडांचं, चार मतांचं.
बँकेकडचं सात मिनिटं पुढे,
चर्चकडचं मागे,
धान्याच्या कोठाराकडचं बंद,
तुरुंगाकडचं तेवढं बरोबर,
आणि ते बघायला आत सहसा कुणी नसतं.

मी तळमजल्यावर. नोंदणी. एकतीस वर्षं.
जमीन, लग्न, गहाणखतं, कुत्र्यांचे परवाने.
लोक म्हणतात, लवॉनला सगळ्यांचं सगळं ठाऊक.
साफ खोटं. मला फक्त तारखा ठाऊक आहेत.
आता तारखाच चुगलखोर निघाल्या
तर मी काय करू?
शिक्का मारते, पान उलटते.

दातांचा डॉक्टर गुरुवारी येतो.
फुटबॉल आठ जणांचं, अकरा पोरं जमत नाहीत.
डोरीनच्या कॅफेत पायचा शेवटचा तुकडा
शेरीफसाठी झाकून ठेवतात, तो येवो न येवो.
मांसाच्या कारखान्यातली यादीरा शोल
लग्नाचा परवाना घ्यायला आली तेव्हा
मी आडनाव तीनदा लिहून तीनदा खोडलं.
चौथ्यांदा तिनं माझ्या हातून पेन घेतलं.

आम्ही चोर आहोत. इथे हे शाळेत शिकवतात.
काउंटीची कचेरी आधी ड्रॅगर्टनला होती, अठरा मैलांवर.
सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत
आमची अकरा माणसं तीन बर्फगाड्या घेऊन गेली,
घोड्यांच्या घंटा लोकरी मोज्यांत कोंबून,
आणि बाडं उचलून आणली.
ज्याच्या फडताळात बाडं, त्याची काउंटी.
परतताना नदीवरचा बर्फ तडकला.
सातवं बाड गेलं.
ड्रॅगर्टनमध्ये आता एक बुजलेली विहीर आहे
आणि एक लायलॅकचं झुडूप. ते मे महिन्यात फुलतं,
कुणाच्या पायरीपाशी, ते विचारायला पायरी नाही.

ओरेगॉनहून लोक येतात, पणजोबा शोधत.
मी म्हणते, सहावं बघा, आठवं बघा.
हॅमरलुंड आणि कुबिचेक चार पिढ्या भांडतायत,
ओढ्याकाठच्या चाळीस फुटी पट्ट्यावरून.
दोघंही खरं बोलतात.
पुरावा माशांनी खाल्ला.

मंगळवारी पांढरी व्हॅन आली.
काउंट्या एकत्र करायच्यात, राज्यानं ठरवलं,
कचेरी आता नव्वद मैलांवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत.
दोन पोरं, एक ढकलगाडी, सकाळचे दहा
(बँकेच्या मते दहा वाजून सात).
दिवसाढवळ्या, रीतसर पावती देऊन.
एकानं मोजलं, थांबला, परत मोजलं.
"सातवं?"
"पुलावरून जाताना खाली बघा," मी म्हटलं.
तो हसला नाही. नवा होता.

फडताळांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिले.
कुत्र्यांची वही तेवढी नेली नाही,
त्यांच्या यादीत तो रकानाच नव्हता.

दुपारी हॅमरलुंड आला, टोपी हातात,
मागे एक कान फाटलेलं कुत्रं.
नाव? डीकन. रंग? मातकट.
वय? "माझ्यापेक्षा थोडं कमी."
राहण्याचं ठिकाण?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
"रात्री माझ्याकडे. जेवायला कुबिचेककडे.
बाकी वेळ असतो त्या पट्ट्यावर."

मी पेन झटकलं.
लिहिलं: पट्टा, ओढ्याकाठी, चाळीस फूट.
मालक या शब्दापुढे दोन नावं बसत नव्हती,
म्हणून अक्षर बारीक केलं.
दोन डॉलर घेतले, बिल्ला दिला.
कुत्र्यानं तो हुंगला
आणि बाहेर जाऊन कोर्टाच्या पायरीवर आडवं झालं,
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अगदी वाटेत.